'दाऊ' म्हणजे आपलं साधं 'तू' : जुन्या इंग्लिशमधला हा शब्द नीट वापरायचा कसा

सुरुवातीलाच माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल. ऑफिसमधले एक सिनियर रिटायर होत होते आणि त्यांच्या कार्डावर काहीतरी भारदस्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मी मोठ्या ऐटीत लिहिलं 'वी सॅल्यूट दाऊ'. जुनं इंग्लिश म्हणजे राजेशाही, राजेशाही म्हणजे आदर, असं माझं साधं गणित होतं. नंतर कळलं की त्या तीन शब्दांत दोन चुका आहेत. एक तर तिथे 'दाऊ' येतच नाही, 'दी' येतं. आणि दुसरी चूक जास्त वाईट, की जिथे 'आपणांस मानाचा मुजरा' म्हणायचं होतं तिथे मी 'तू आम्ही सलाम करतो' असं काहीतरी अर्धवट आणि वर एकेरीत लिहून बसलो होतो.

तर मुद्दा हा आहे. 'दाऊ' हा आदराचा शब्द नाही. तो 'आपण' नाही, 'तुम्ही' पण नाही, तो 'तू' आहे. आज तो कानाला भारी वाटतो कारण आपल्याला तो फक्त प्रार्थनेत, नाटकात आणि तलवारी घेतलेल्या व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या तोंडी ऐकू येतो, पण जेव्हा लोक तो रोज बोलत होते तेव्हा तो नोकराला, पोराला, जिवलग मित्राला आणि ज्याच्याशी भांडण झालंय त्याला वापरायचे. आणि खरं सांगायचं तर ज्यांची भाषा फक्त इंग्लिश आहे त्यांना हे समजायला जड जातं, त्यांच्याकडे आता एकच 'यू' उरलाय, पण आपल्याला 'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' यातला फरक लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं आहे.

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये टीएच आहे म्हणून बरेच जण 'थाऊ' म्हणतात. तो टीएच 'थिंक'मधला नाही, 'दिस-दॅट'मधला आहे, म्हणून 'दाऊ'. 'काऊ'शी यमक जुळतं, 'शो'शी नाही.

आता रूपं. एकूण चार लक्षात ठेवायची : दाऊ, दी, दाय, दाइन. मराठीत तू, तुला, तुझा असं करून पाठ करायचा मोह होतो पण तिथेच आपण फसतो, कारण आपला 'तुला' फार ठिकाणी घुसतो. 'तुला माहीत आहे' म्हणताना आपण 'तुला' म्हणतो पण इंग्लिशमध्ये तिथे जाणणारा हा कर्ता असतो, म्हणून 'दाऊ नोएस्ट', 'दी नोएस्ट' नाही. 'तुला भूक लागली आहे' हे पण 'दाऊ आर्ट हंग्री'. 'तुझ्याकडे तलवार आहे' हे 'दाऊ हॅस्ट अ सोर्ड', त्यात 'दाय' कुठेच नाही. म्हणून मराठीवरून भाषांतर करत बसू नका, त्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे : वाक्यात 'यू'च्या जागी स्वतःला बसवून बघा. इंग्लिशमध्ये 'आय' आलं असतं तर 'दाऊ'. 'मी' म्हणजे एम-ई वाला मी आला असता तर 'दी'. 'माय'च्या जागी 'दाय', 'माइन'च्या जागी 'दाइन'. मी-दी, माय-दाय, माइन-दाइन, सगळी यमकं जुळतात, फक्त आय आणि दाऊ हीच जोडी बेसूर आहे. माझ्या कार्डावर ही युक्ती लावली असती तर 'वी सॅल्यूट आय' झालं असतं आणि चूक लगेच दिसली असती.

विथ, टू, फॉर, फ्रॉम असले शब्द आले की त्यांच्यामागे कायम 'दी'. विथ दी, फॉर दी. यात अपवाद शोधत बसू नका.

'दाय' आणि 'दाइन'मध्ये थोडी गंमत आहे. 'तुझं घर' म्हणायचं तर 'दाय हाउस'. 'हे घर तुझं आहे' म्हणायचं तर 'दाइन', जसं माय आणि माइन. पण पुढचा शब्द स्वराच्या उच्चाराने सुरू होत असेल तर तुझा म्हणतानासुद्धा 'दाइन' येतं : 'दाइन आइज', 'दाइन ओन'. हे 'अ' आणि 'ॲन'सारखंच आहे, दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये न घातलाय. त्या काळी 'माय'चंही असंच व्हायचं, 'माइन आइज' म्हणायचे. हा नियम सगळे लेखक काटेकोरपणे पाळायचे असं नाही, सोळाव्या-सतराव्या शतकात दोन्ही सापडतं, पण आज लिहायचं तर पाळा, वाचायला छान वाटतं.

आता खरी मेख, क्रियापद. 'दाऊ' आला की क्रियापदाला शेवटी 'एस्ट' किंवा नुसता 'स्ट' लागतो. गोएस्ट, नोएस्ट, सीकेस्ट, स्पीकेस्ट. आणि इथे आपल्यासाठी लक्षात ठेवायला एकदम सोपी खूण आहे : तू जातोस, तू आहेस, तू आलास, तू केलंस, आपल्याकडे पण 'तू' आला की शेवटी स येतो. संस्कृतमध्ये बघा, 'त्वं गच्छसि'. इंग्लिशमधल्या त्या 'एस्ट'मधला स आणि 'गच्छसि'मधला स एकाच मुळातून आलेले आहेत, आणि 'दाऊ' व 'तू' हे दोन शब्द तर लांबचे सख्खे भाऊच आहेत, फार जुन्या, म्हणजे शेक्सपिअरच्याही कित्येक शतकं आधीच्या इंग्लिशमध्ये त्याचा उच्चार 'थू' असा होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

नेहमीची काही क्रियापदं मात्र वाकडी आहेत, ती तशीच्या तशी पाठ करावी लागतात. 'यू आर'चं 'दाऊ आर्ट'. 'यू हॅव'चं 'दाऊ हॅस्ट'. 'यू डू'चं 'दाऊ डस्ट', स्पेलिंगमध्ये ओ असला तरी उच्चार धुळीच्या डस्टसारखा. शॅल आणि विलचं होतं शॅल्ट आणि विल्ट, नुसता ट लागतो. कॅनचं कॅन्स्ट, डिडचं डिड्स्ट, हॅडचं हॅड्स्ट. 'होतास'साठी 'वॉस्ट' किंवा 'वर्ट' दोन्ही चालतं. आणि 'मस्ट' तसाच राहतो, त्याला काही लावायचं नाही, तो आधीच स्ट घेऊन बसलाय. भूतकाळातसुद्धा शेपूट लागतं, 'दाऊ केमेस्ट', 'दाऊ गेव्हेस्ट', जीभ अडखळते पण आहे ते असं आहे.

आणि ज्या चुकीने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ती म्हणजे 'दाऊ हॅथ'. गेममध्ये, मीममध्ये, टी-शर्टवर, सगळीकडे. 'हॅथ', 'डथ', 'गोएथ', 'सेथ' हे थ वाले सगळे 'तो'चे आहेत, 'तू'चे नाहीत. ही हॅथ, शी हॅथ, द किंग हॅथ. 'दाऊ हॅथ' म्हणजे 'तू गेला आहे' म्हटल्यासारखं आहे, कळतं सगळं पण कानाला टोचतं. 'आय हॅथ' तर त्याहून भारी, ते 'मी गेला आहे' झालं. इथे पण संस्कृत मदतीला येतं : गच्छसि मधला स तो स्ट, आणि गच्छति मधला त तो थ. तू म्हणजे स, तो म्हणजे थ. एवढं डोक्यात बसलं की नव्वद टक्के मीम लिहिणाऱ्यांच्या तुम्ही पुढे गेलात.

प्रश्न विचारताना 'डू' घालायची सक्ती नव्हती, क्रियापद सरळ पुढे यायचं : 'नोएस्ट दाऊ?', 'व्हॉट सेएस्ट दाऊ?'. नकारात पण तसंच, 'आय नो दी नॉट'. जर 'डस्ट दाऊ नो' लिहिलंत तर तेही चूक नाही, त्या काळात दोन्ही पद्धती एकत्र नांदत होत्या, फक्त 'डू' लावलं की शेपूट त्यालाच लागतं, पुढच्या 'नो'ला परत लावायचं नाही. 'डस्ट दाऊ नोएस्ट' नको.

आज्ञा देताना क्रियापद नुसतं, शेपूट नाही. 'गो दाऊ', 'फिअर नॉट'. कधी कधी तिथे 'दी' दिसतो, 'गेट दी गॉन', 'सिट दी डाउन', तो दी म्हणजे स्वतःला. 'स्वतःला बाहेर काढ' असं काहीसं. 'फेअर दी वेल' तर आजही लोक गमतीत म्हणतात. आणि 'प्रिदी' हा शब्द कुठे दिसला तर तो 'आय प्रे दी' घाईघाईत म्हणून झिजलेला आहे, म्हणजे 'तुला विनवतो रे'.

रूपं झाली, पण त्यांच्यावर हुकूमत आली तरी शब्द कुणाला वापरायचा हे कळलं नाही तर काही उपयोग नाही. मूळात त्या फार जुन्या इंग्लिशमध्ये हा मानपान नव्हताच. एक माणूस असेल तर दाऊ, अनेक असतील तर 'यी', एवढा साधा हिशोब, राजा असला तरी एकच माणूस म्हणून दाऊ. त्यातही दोनच जण असतील तर त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता, संस्कृतमधल्या 'युवाम्'सारखा, तो तेराव्या शतकापर्यंत संपला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला अनेकवचनात बोलायची पद्धत, आणि तेराव्या शतकापासून ती इंग्लिशमध्ये उतरली. मग 'यू' (त्या यीचंच दुसरं रूप) म्हणजे आदरार्थी अनेकवचन आणि 'दाऊ' म्हणजे एकेरी. आपल्यासारखंच.

शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे १६०० च्या आसपास, हा खेळ पूर्ण रंगात होता. मालक नोकराला दाऊ, नोकर मालकाला यू. प्रेमात दाऊ. चिडल्यावर दाऊ. देवाला दाऊ, भुताला दाऊ, आणि समोर नसलेल्याला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून बोलताना, म्हणजे हे मृत्यू, हे चंद्रा वगैरे, तिथे पण दाऊ. ही यादी वाचून तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही, आपणही देवाला, आईला आणि शत्रूला एकाच 'तू'ने हाक मारतो.

मला यातला सगळ्यात आवडता तुकडा हॅम्लेटमधला आहे. आई मुलाला रागावते, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस, 'हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड'. वडील म्हणजे इथे तिचा नवा नवरा, हॅम्लेटचा काका. आईने मुलाला दाऊ म्हटलं, घरगुती, ठीक आहे. हॅम्लेट जवळजवळ तेच वाक्य उलटून मारतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड'. फादर म्हणजे आता मेलेला खरा बाप. पण नुसते शब्द नाही उलटवले, यू वापरून एकदम 'तुम्ही' केलंय, थंडगार. आणि लगेच पुढच्या ओळीत आई पण 'यू'वर येते. 'यू' शिवाय दुसरं काही न उरलेल्या वाचकाला हा थंडपणा दिसतच नाही, आपल्याला तो पहिल्या झटक्यात लागतो, घरात कुणी चिडून अचानक 'तुम्ही' म्हणायला लागलं की जसं होतं तसं.

उलटा प्रकार कोर्टात झालाय. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, सरकारी वकील होते एडवर्ड कोक. रॅले म्हणजे एलिझाबेथ राणीच्या दरबारातला एकेकाळचा लाडका माणूस, त्याला रीतसर 'यू' म्हणायला हवं. कोक भर कोर्टात ओरडले, 'फॉर आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर'. इथे पहिला दाऊ चक्क क्रियापद आहे! 'मी तुला अरे-तुरे करतो, गद्दारा.' एकेरीवर येणं आपण म्हणतो ना, ते एवढं तंतोतंत कुठेच सापडणार नाही.

आता बायबल. इथे बरेच जण गोंधळतात कारण १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये सगळेच सगळ्यांना दाऊ म्हणतात, मग मान कुठे गेला? तर तिथे मानाचा प्रश्नच नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकवचन-अनेकवचन वेगळं होतं, ते भाषांतरात टिकवायचं म्हणून त्यांनी जुना हिशोब धरला, एकाला दाऊ, अनेकांना यी. याचा फायदा कसा होतो बघा. येशू एकट्या निकोदेमसशी बोलताना म्हणतो, 'मार्व्हल नॉट दॅट आय सेड अन्टू दी, यी मस्ट बी बॉर्न अगेन'. अन्टू दी म्हणजे तुला एकट्याला सांगितलं, पण यी मस्ट म्हणजे तुम्हा सगळ्यांना पुन्हा जन्म घ्यावा लागेल. आजच्या इंग्लिशमध्ये दोन्हीकडे नुसता यू टाकला की हा फरक गायब. तेव्हा बायबलच्या धर्तीवर काही लिहायचं असेल तर मोजून लिहा, आणि नाटकाच्या धर्तीवर लिहायचं असेल तर माणूस बघून लिहा. दोन्हीची खिचडी करू नका.

यी वरून आठवलं, दुकानांच्या पाट्यांवर जे 'यी ओल्ड' असं लिहिलेलं असतं त्याचा या यी शी काडीचा संबंध नाही. टीएचसाठी जुन्या लिपीत एक वेगळं अक्षर होतं, त्याचं नाव थॉर्न, ते हातानं लिहिताना वाय सारखं दिसायला लागलं आणि छापखान्यात त्याच्या जागी सरळ वायचा खिळा बसवला गेला. ते मुळात 'द ओल्ड'च आहे आणि वाचायचं पण 'द' असंच.

मग हा शब्द गेला कुठे? सतराव्या शतकात शहरातले लोक समोरचा दुखावायला नको म्हणून सगळ्यांनाच यू म्हणायला लागले आणि एकेरी झिजत गेलं. सगळी भाषा 'अहो'वर स्थिरावली, म्हणजे आज मालक कुत्र्याला 'यू' म्हणतो तेव्हा तो इतिहासाच्या हिशोबाने त्याला 'तुम्ही' म्हणत असतो. याच काळात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांनी उलटी भूमिका घेतली. त्यांचा म्होरक्या जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या मंडळींचं म्हणणं होतं की माणसं सगळी सारखी, तर गरीब असो की श्रीमंत, सगळ्यांना दाऊच म्हणणार, आणि टोपी पण कुणासमोर काढणार नाही. न्यायाधीशाला एकेरीत बोलल्यावर काय होणार, त्यांनी मार खाल्ला. पुढे त्यांच्यात दाऊच्या जागी पण दीच रूढ झाला, 'दी इज' असं. म्हणजे एखादं पात्र अमेरिकेतलं क्वेकर असेल तर माझे वरचे सगळे नियम बाजूला ठेवा, त्याच्या तोंडी 'दी इज'च खरं. यॉर्कशरच्या बोलीत तर तो आणखी पुढे टिकला, झिजून 'दा' झाला, आणि तिथे एक ठेवणीतलं उत्तर आहे ज्याचा अर्थ साधारण असा, की मला अरे-तुरे करू नकोस, स्वतःलाच करून बघ कसं वाटतं ते.

सरावासाठी एक वाक्य घेऊ. 'यू हॅव फरगॉटन मी, बट आय सी यू इन युअर ओन हाउस अँड आय नो व्हॉट यू सीक.' पहिला यू, जागी आय बसतो, म्हणून दाऊ, आणि हॅवचं हॅस्ट. दुसरा यू, 'सी'च्या पुढे एम-ई वाला मी बसतो, म्हणून दी. 'युअर ओन', ओन स्वराने सुरू, म्हणून दाइन. शेवटचा यू परत कर्ता, क्रियापदाला शेपूट. झालं : 'दाऊ हॅस्ट फरगॉटन मी, बट आय सी दी इन दाइन ओन हाउस, अँड आय नो व्हॉट दाऊ सीकेस्ट.' आधी 'सीक'च्या जागी मी 'वॉन्ट' घेतलं होतं पण मग काढलं, कारण जुन्या इंग्लिशमध्ये 'वॉन्ट' बहुतेक वेळा 'कमी असणं' या अर्थाने यायचं. नुसता दाऊ जुना करून भागत नाही, शेजारचे शब्द पण बघावे लागतात.

लिहिताना एकच पथ्य, कोण कुणाला काय म्हणतो ते आधी कागदावर ठरवा. राणीसमोर वाकलेला दूत तिला दाऊ म्हणत असेल तर तो एकतर वेडा आहे किंवा बंड करतोय. आणि एकदा ठरवलं की उगाच बदलू नका, बदललात तर कारण असू द्या, राग, प्रेम, दुरावा, काहीतरी. ऑफिसच्या पत्रात, कार्डात, भाषणात शक्यतो नकोच. माझ्या त्या कार्डावर १६०० सालच्या कुठल्याही कारकुनाने 'वी सॅल्यूट यू' एवढंच लिहिलं असतं.

आणि हो, साधं लिहून शेवटी कॉम्प्युटरवर फाइंड-रिप्लेस मारून सगळे यू बदलायचा शहाणपणा करू नका. मी केलाय. 'युअरसेल्फ'चं 'दाऊरसेल्फ' झालं, 'यंग'चं 'दाऊंग' आणि 'यूथ'चं 'दाऊथ' झालं, आणि ज्या वाक्यात सेनापती अख्ख्या सैन्याशी बोलत होता तिथे तो एकाच शिपायाकडे बघून बोलतोय असं वाटायला लागलं. बाकी सगळं हाताने दुरुस्त केलं, 'दायसेल्फ' वगैरे, पण तो सेनापती तसाच राहिला आणि ते प्रिंटला गेल्यावर दिसलं.